पाझराची दुसरी वही

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, छोट्या वीजनिर्मितीच्या मातीच्या धरणावरचा निवृत्त चालक, लिहून ठेवतो की माझे गुडघे गेले असले तरी डोके जागेवर आहे आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही. सांगणारी होती, ती चार वर्षांपूर्वी गेली.

एक. टेकाडावरचे माझे राहते घर मुलीला. ती सध्या धरणाखालच्या वसाहतीत राहते. तिने माझ्या मरणाची वाट न पाहता सामानसुमानासकट वर यावे.

दोन. पाने, हातोडे आणि तेलाची बुधली जावयाला. घेतलेली वस्तू तो कधी जागेवर ठेवत नाही, तरीही.

तीन. माझा धाकटा भाऊ, धरणांची तपासणी करणारा अभियंता, यास हातघड्याळ. वडिलांनी मला घड्याळ दिले आणि त्याला शिक्षण. बारा वर्षांपूर्वी तो दोन दिवसांसाठी आला आणि माझे धरण सर्वांत वरच्या धोक्याच्या वर्गात टाकून गेला. म्हणाला, "दादा, भिंत तू छान राखली आहेस. पण वर्ग भिंतीवरून ठरत नाही. ती फुटली तर खाली किती माणसं आहेत, यावरून ठरतो." मला ते माझ्या आयुष्यभराच्या कामाला दिलेले शून्य गुण वाटले. त्यात बायको म्हणाली, "भावजी किती सोपं करून सांगतात, नाही?" मी ताटावरून उठलो.

पुढे मी समितीपुढे माझ्या पाझराच्या नोंदींची पहिली वही मांडली, खालची वस्ती 'नगण्य' असल्याचे लिहून दिले आणि वर्ग खाली आणवला. मुलगी तेव्हा तिथे राहत नव्हती. मी जिंकलो. कमी धोक्याच्या धरणाला कायमचा माणूस लागत नाही, म्हणून माझ्यामागे कोणाला नेमलेच नाही.

चार. पाझराची दुसरी वही. भिंतीच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी मी सवयीने अजून रोज सकाळी मोजतो. गेले दोन पावसाळे ते गढूळ येते आहे. म्हणजे भिंतीच्या पोटातली माती वाहून चालली आहे. हे मी कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर भाऊ खरा ठरला असता. ही वही माझ्या पश्चात भावाला द्यावी.

इथवर लिहून साक्षीदार बोलावले. वसाहतीतल्या गिरणीवाल्याने चष्मा पुसून सगळे वाचले.

"काका, लेकीला वर बोलावलंत. आम्ही खालीच का?"

मी म्हटले, साक्षीदाराने सही करायची असते, वाचायचे नसते.

"मग न वाचणारा शोधायचा होतात."

शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंनीही पेन खाली ठेवले.

पाच. सबब कलम चार रद्द. वही आजच गिरणीवाल्याच्या हाती भावाकडे जाईल. सोबत वसाहतीतल्या घरांचा खरा आकडा: बेचाळीस. आता वर्ग बदलेल, त्याचे नाव होईल, लोक म्हणतील साहेबांनी वाचवले. मला ते आत्ता लिहितानाही सलते. विनंती एकच: वहीतले अक्षर कोणाचे, हे त्याने अहवालात लिहावे. लिहिणार नसेल तरी वही द्यावी.

स्थळ: टेकाडावरचे घर. तारीख: नऊ, मंगळवार, सकाळ.

सही: धरणावरचा थोरला

साक्षीदार:
१. मास्तरीणबाई
२. गिरणीवाला (वही हातात पडल्यावर सही केली)