सुलभाचा ओठ

रविवार, संध्याकाळ. करंजाडे

सुलभाच्या ओठाला टाके पडले. माझ्या कोपरानं. झोपेत.

दुपारी शिरवण्याहून तिचा भाऊ आला. ती म्हणाली, दार लागलं. दार! मार खाल्लेली प्रत्येक बाई हेच सांगते. शेवटी मीच खरं काय ते बोललो. तर म्हणाला, "दाजी, झोपेत कोन मारतं?" आणि चहा तसाच ठेवून उठला.

त्याला कसं सांगू? स्वप्नात कुत्रा तिच्या अंगावर धावून आला होता. मी त्याला हाणत होतो, तिला वाचवत होतो. डोळे उघडले तर तिच्या ओठातून रक्त.

डॉक्टर म्हणतात हा झोपेचा आजार आहे, गोळ्यांचा गुण यायला वेळ लागेल. तोवर वेगळे झोपा. तोवर म्हणजे कधीपर्यंत? त्या ओठाकडे बघवत नाही.

आत्ताच तिचं अंथरूण हॉलमध्ये टाकलं. म्हटलं, आजपासून बेडरूमला बाहेरून कडी लाव.

"तुमी आतून ओरडलात तर?"

"उघडू नकोस."

"माझं नाव घेऊन ओरडलात तर?"

"तेव्हा तर मुळीच उघडू नकोस."