पितृपंधरवड्यात पाहिलेला लॅपटॉप

१४ सप्टेंबर, रविवार

ठण्ण. पहाटे जाग आली ती त्या टोल्याने. आमच्या शाळेबाहेर आंब्याला तारेने टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर शिपायाने कांबीने मारलेला ठोका. एकच, पण तो लांबत जायचा. डोंगराला लागून परत येतो असं आम्ही एकमेकांना सांगायचो. ठोका विरला की कविता. सगळा वर्ग एका सुरात, गुरुजी टेबलावर छडीने ताल धरून. पुढे मी स्वतः मास्तर झालो, तशीच कविता म्हणून घेतली, पण तो आवाज काही पुन्हा आला नाही. आज स्वप्नात आला. उठून बराच वेळ पायरीवर बसलो. समोर भात पोटरीला आलेला.

नातीचा, सईचा, टॅब आता पाठीकडून फुगलाय. शाळा घरात भरायची त्या दिवसांत घेतलेला. चार्जरला लावून ठेवला तरच चालतो. अकरावी सायन्स, कॉलेजचं काम सगळं त्यावर. लॅपटॉप घ्यायचा असं ठरलं. तिचा बाप, आमचा प्रकाश, म्हणाला, पन्नास हजारांच्या आत, नि तेही घट बसल्यावर. पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात नको.

टॅबने मात्र पोरीला इथवर आणलं. त्याचे उपकार.

१६ सप्टें., मंगळ.

जेवताना वाजलं. सईला असा पाहिजे की ज्यावर गेमही चालेल. प्रकाशचं म्हणणं, अभ्यासाचं मशीन अभ्यासाला. पातळ, हलका, बॅगेत मावणारा. कंपनीत सुपरवायझरकडे आहे तसा. सई म्हणाली, "पप्पा, त्यात ग्राफिक्स कार्ड नसतं." प्र. म्हणाला, "मला पण नव्हतं, मी झालो ना मोठा."

सूनबाईने, वैशालीने, हसू पदराआड केलं. सई नाही हसली. ताट अर्धं ठेवून उठली. एका गेमसाठी एवढं? नवल वाटलं.

१७ सप्टें.

कळलं.

संध्याकाळी प्र. दुसऱ्या पाळीला, नवलाख उंबऱ्याच्या कंपनीत. मी मागच्या पडवीत शेंगा फोडत. सई माळ्याच्या जिन्यात टॅब घेऊन खेळत होती. तिचा इअरफोन बिघडलाय म्हणून आवाज उघडाच. पळापळ, गोळ्या, मध्येच पोरांचं बोलणं. एक मुलगा म्हणाला, "डावीकडून ये, डावीकडून." आणि मग, त्याच सुरात, "आबांचा खोकला कसा आहे? आई विचारतेय."

शेंग हातातच राहिली. ओंकार. माझा नातू. नंदाचा मुलगा.

सई म्हणाली, रात्री कमी आहे, अडुळसा देतोय. तो म्हणाला, थांब, सांगतो. मग पुन्हा गोळ्या.

नंदा कुरवंड्याला, मी टाकव्याला. एकाच तालुक्यात लेक नि बाप, नि खोकला असा फिरून जातो. माझा साधा फोन विहिरीत पडला, त्यानंतर मी घेतला नाही. घरातले दोन फोन प्र.चा नि वैशालीचा. त्यांवर ती करत नाही.

सईने मला पाहिलं. "आबा, पप्पांना सांगू नका." नाही सांगत म्हटलं.

१८ सप्टें.

दिवसभर तेच डोक्यात.

घर बांधलं तेव्हाची गोष्ट. वास्तुशांतीचं आवतण प्रकाशने नंदाला फोनवर पाठवलं. रंगीत पत्रिका, गणपती, खाली सगळ्यांची नावं. सख्ख्या बहिणीला. तिच्या उंबऱ्याला हळदीकुंकू लावून, हातात अक्षता देऊन बोलवायला जायचं असतं. मी जाऊन येतो म्हटलं, तर म्हणाला, आबा, आता सगळे असंच करतात. मी कुरवंड्याला गेलो असतो तर? गुडघे. असो. तिची सासू दारात उभी राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली म्हणे, आमच्या उंबऱ्याला माणूस आला न्हाई, आमी कुटं जायचं न्हाई. विहीणबाईंचा आवाज तसा मोठाच. नंदा आली नाही. त्यानंतर भाऊबीजेलाही नाही. प्र. पण गेला नाही. दोघांचं नाक त्यांच्या आईवर गेलंय. ती असती तर दोघांना कान धरून आणलं असतं.

आणि मधल्या काळात ही पोरं रोज भेटत होती. आम्हाला न विचारता. कुणाचे आभार मानू? त्या फुगलेल्या टॅबचे?

पातळ लॅपटॉप आला तर हे बंद.

२१ सप्टें., रवि., सर्वपित्री

सकाळी पान ठेवलं. कावळा लगेच आला. ही काही रुसलेली दिसत नाही.

दुपारी मी, प्र. नि सई तळेगावला दुकानात. प्र.चं म्हणणं, घ्यायचं नाही पण बघायला काय हरकत. दुकानातल्या मुलीला ते सांगितलं तर ती म्हणाली, "पंधरा दिवस सगळे बघायलाच येतायत, काका. बसा." चहा मागवला. घेणार नाहीत हे माहीत असून चहा. अशी माणसं अजून आहेत.

तीन पाहिले. एक प्रकाशचा पातळ. एक लाल उजेडाचा, नवा, गेमचा, बजेटच्या कितीतरी बाहेर. सईने त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, मुद्दाम. तिसरा वापरलेला, कुठल्याशा ऑफिसातून परत आलेला, आतून साफ करून दुरुस्त केलेला. जाड. चार्जर विटेएवढा. पण त्यात ते कार्ड आहे. सहा महिन्यांची हमी. बजेटच्या आत.

रॅम म्हणजे काय ते मी विचारलं. मुलगी शब्द शोधायला लागली. मी म्हटलं, मास्तरांचं टेबल समज. मोठं असलं की सगळ्या वह्या एकदम पसरता येतात. आणि कपाट वेगळं. ती म्हणाली, अगदी हेच, आता मी गिऱ्हाइकांना हेच सांगणार. सुखावलो. या वयातही.

प्र. पातळावर अडून. "गेमसाठी मशीन घेणार नाही मी." मुलीने शांतपणे विचारलं, सईला पुढे काय करायचंय? इंजिनिअरिंग, प्र.च म्हणाला. मग ती म्हणाली की तिथे ड्रॉइंगची सॉफ्टवेअर असतात, पातळावर ती रडतात, दोन वर्षांत दुसरा घ्यावा लागेल. खोटं नाही बोलली. फक्त तेवढंच बोलली.

मी पण तेवढंच बोललो. "जाड असू दे प्रकाश. टिकेल."

बघू म्हणाला. त्याचं बघू म्हणजे बहुतेक हो.

परतताना कान्हे फाट्यावर भेळ. सईने स्वतःच्या भेळेतली कैरी माझ्या पानात टाकली.

२४ सप्टें.

लाइट चार तास नाही. वैशाली म्हणाली, बरं झालं डेस्कटॉपचं कुणी बोललं नाही. जाडाची बॅटरी किती चालते ते विचारायचं राहिलं.

कविता करायचा प्रयत्न.
 खडूविना ही पाटी लिहिते,
 पुसायला ना लागे फडके
पुढे जमेना. खोडली. शाळेतल्या कविता बऱ्या, त्या आयत्या पूर्ण असतात.

२८ सप्टें., रवि.

आणला. जाड. प्र.ने स्वतः उचलून आणला, मोटारसायकलवर पुढे टाकीवर ठेवून, सई मागे. वाटेत कुठे थांबले नाहीत, पाणी प्यायलासुद्धा.

बॅटरी दोनच तास. पण दोन तासांत पुष्कळ होतं.

संध्याकाळी सई जिन्यात. नवा इअरफोन घातलाय, त्यामुळे मला फक्त तिच्याच बाजूचं ऐकू येतं. "हो. नाही. बरा आहे. आबा शेंगा फोडतायत." मी मुद्दाम पडवीत बसून राहिलो. लेकीच्या घरात आपलं नाव निघतंय नि आपण इथे बसून ऐकतोय, हे सुख काय सांगू.

प्र.ने विचारलं, इतकं कोणाशी बोलते? वैशाली म्हणाली, कॉलेजमधल्या. माझ्याकडे बघितलं नाही. तिला माहीत आहे.

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी

हत्यारांची पूजा. विळे, कोयता, फावडं, प्र.चा पान्यांचा संच, वैशालीचं शिलाई मशीन. माझी जुनी छडी मी दरवर्षी ठेवतो, कुणी काही म्हणत नाही. आणि मधोमध पाटावर लॅपटॉप. उघडून ठेवला. सईने आरती लावली होती त्यावर. चालू होता.

हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू. अक्षता सढळ हाताने वाहिल्या. मनात म्हटलं, बाबा रे, तू माझी लेक आणतोस रोज संध्याकाळी. असाच चालत राहा.

२ ऑक्टो., दसरा

सोनं वाटून आलो. घरी आलो तर सई लॅपटॉपला कान लावून. आतून खर्र खर्र. मग गप. तापून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

४ ऑक्टो.

दुकान. मुलीने मागचं झाकण काढलं, चिमट्याने एक दाणा बाहेर काढला. कुंकवाने लाल. माझ्यासमोर धरून म्हणाली, "आजोबा, कोलम?"

"इंद्रायणी," मी म्हटलं.

पंख्याचं पातं तुटलंय. वरच्या जाळीतून अक्षता आत. म्हणाली, लाज नका वाटून घेऊ, दसऱ्यानंतर दरवर्षी येतात अशी, गेल्या वर्षी एकात नारळाचं पाणी होतं. हमीत बसत नाही तरी मजुरी घेणार नाही, फक्त पंख्याचे द्या. पण मॉडेल जुनं, पंखा बाहेरून यायला आठवडा-दहा दिवस. देव तिचं भलं करो.

आणि टॅब आता चार्जरला लावूनही उठत नाही. फुगवटा वाढला म्हणून वैशालीने अंगणात नेऊन ठेवला.

सई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं.

६ ऑक्टो.

ही संध्याकाळ फार शांत गेली. तिकडे ओंकार थांबला असेल. काही न सांगता सई नाहीशी झाली असं वाटलं असेल. वैशाली म्हणाली, माझ्या फोनवरून करतेस का नंदाताईंना? सईच नको म्हणाली. "आत्याला वाटेल पप्पांनी करायला लावलं." या वयात इतकं तोलून बोलते.

९ ऑक्टो., गुरु.

प्र. दोन दिवस विचारत होता, पोरीला झालंय काय, एक मशीन बंद पडलं तर सुतक धरतात का. आज सईची परवानगी घेऊन मी सांगितलं. पडवीतच. ओंकारचं, खोकल्याचं, सगळं.

त्याने एवढंच विचारलं, "कधीपासून?"

टॅब आला तेव्हापासून, म्हटलं.

उठून शेतात गेला. अंधार व्हायच्या आत आला, पायाला चिखल. "भात बरा आहे," एवढंच म्हणाला. जेवला.

रागावला नाही. मी वाट बघत होतो रागाची. नाही आला. हेही पुष्कळ.

१० ऑक्टो.

सकाळी प्र. अंगणात फोन हातात धरून उभा. नंदाचं नाव काढून ठेवलेलं, मी मागून बघितलं. अंगठा वर नुसता.

मी म्हटलं, "फोन नको, प्रकाश. ते फोननेच झालं."

फोन खिशात टाकला. रविवारी सुट्टी आहे, बघतो, म्हणाला. कामावर गेला.

१२ ऑक्टो., रवि.

पंखा अजून आलेला नाही. सई कॉलेजच्या मैत्रिणीकडून वह्या आणून लिहीत बसलीय. प्र. सकाळपासून आंघोळ करून नवा शर्ट घालून ओसरीवर बसलाय. जातो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. वैशालीने हळदीकुंकवाची कोयरी विचारल्यावाचून त्याच्याजवळ आणून ठेवली. दहा वाजले, अकरा वाजले. मी लिहायला बसलो, कारण दुसरं काय करणार.

रिक्षा. आमच्याच दाराशी थांबली.

विहीणबाई. कुरवंड्याच्या. काठी टेकत, पदर घट्ट लपेटून. या उंबऱ्यात त्यांचं पाऊल पहिल्यांदाच. प्रकाश ताडकन उठला. मी उठलो. वही हातातच. त्यांनी आमच्या दोघांकडे बघितलंसुद्धा नाही. पायरीशी उभ्या राहून मोठ्याने विचारलं,

"गुरुजी, पोरगी कुटं हाय? धा दिस झालं, आवाज न्हाई तिचा. बरी हाय न्हवं?"

सई वह्या टाकून धावत आली. "बरी आहे आजी. मशीन बिघडलंय." त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. मग मला म्हणाल्या, पोरगं जेवत न्हाई तिकडं, अन् त्याची आई तर...

मागे बघितलं. रिक्षात अजून कोणीतरी बसलंय. मांडीवर पिशवी. उतरत नाही. तोंड रस्त्याकडे.

प्रकाशने कोयरी उचलली. आता दारात चपला शोधतोय, सापडेनात.

मी म्हटलं, माझ्या घाल.