दोन प्रतींमधला फरक

३ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझ्या गाण्याचं मिक्सिंग काल संपलं. ड्रम मागे सरकवले, व्हायोलिन उजवीकडे बसवलं आणि तुझा आवाज चांगला उजळून घेतला, मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो उशीखालून आल्यासारखा होता. मास्टरिंगचा शेवटचा हातही मीच फिरवला. यजमानांना सांग, मोबाइलवर ऐकून मत देऊ नका.

मायेत काटकसर नको.
तुझा दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाणं दहादा ऐकलं. रागावू नकोस, पण प्रत्येक ‘स’ टाचणीसारखा टोचतो. तुझ्या भाचीने तर कानांवर हात ठेवले. वहिनी सांगत होती, मोबाइलचा गजर हल्ली तुला ऐकूच येत नाही. एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. चाळिशीत माझं पहिलं गाणं बाहेर पडतंय दादा, ते फसलं तर दुसरं कोण गाऊ देणार?

लोभ आहे, तो या पत्राने आटू नये.
धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

तीस वर्षं या कानांवर घर चाललं. माझ्याच हाताखाली माइकसमोर उभं राहायला शिकलीस आणि आता मलाच डॉक्टर सुचवतेस. टोचतोय तो तुझा गळा. नाचता येईना अंगण वाकडं. गाणं जाईल तर असंच जाईल, नाहीतर मला भाऊ म्हणू नकोस.

दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाणं बाहेर पडलं. तू पाठवलंस तसंच दिलं, खाली तुझं नाव आहे. आवाज किती मऊ लागलाय, असं जो तो म्हणतो. माझंच चुकलं, पोटात घाल.

तुझ्या शब्दाची वाट पाहते.
धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ.

दोन दिवस छाती फुगवून गाणं सगळ्यांना ऐकवलं. तिसऱ्या दिवशी स्टुडिओतला जोडीदार म्हणाला, ‘स’ छान आवरलात. मी तर त्याला हातही लावला नव्हता.

पडताळ्याची आमची एक रीत आहे. दोन प्रती एकदम वाजवायच्या, त्यांतल्या एकीची ध्वनिलहर उलटी करून, म्हणजे चढाच्या जागी उतार. सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं, उरतो तो फक्त फरक. माझी प्रत आणि बाहेर पडलेली प्रत अशी लावली, हेडफोन घालून डोळे मिटून बसलो. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. प्रती एकच, असं म्हणून डोळे उघडले, तर आवाज मोजणारा काटा एकसारखा हलत होता. शेवटच्या कडव्यापर्यंत हलत राहिला.

दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतलंस, बरं केलंस. खोटं लिहिलंस याचा राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही.

या वर्षात मी आणखी अकरा जणांची गाणी केली. ती माझ्या हातून गेली तशीच बाहेर पडली. त्यांतलं कुणी मला काही बोललं नाही. तू बोललीस, तर मी काय उत्तर दिलं ते पत्र तुझ्याकडे आहेच.

दादा