गुलदाउदीचे हार

प्रिय ताई,

फोनवर तू मला दोन वाक्यांत कटवलंस. ‘सुखाने कर बाबा लग्न, मी मागाहून येईन नवरीला बघायला,’ आणि लगेच म्हणे कुकर लागलाय. म्हणून लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस. सातवीनंतर पेन धरला तो फक्त सहीपुरता.

आधी बातमी ऐक. लग्नाची फुलं मी स्वतः करतोय. हार, वेणी, मुंडावळ्या, सगळं. मी कुठे टिकत नाही हे तुला माहितीय. बेकरी सोडली, टेम्पो सोडला, पण ह्या मांडवाच्या कामात मन रमलं. चंदीगडला लागून असलेल्या ह्या झिरकपुरात लग्नांना तोटा नाही. आमचा मालक जसपाल पाजी मांडव उभे करतो आणि मी शिडीवर चढून झेंडूच्या माळा सोडतो. पाजी म्हणाला, ओए रुपेश, तेरा सेहरा मेरी तरफ से. त्यांचा सेहरा म्हणजे तोंडावर फुलांचा पडदाच गं. मी म्हटलं, पाजी, आमच्याकडे नवऱ्याचं तोंड आधीच दाखवतात, नंतर भांडण नको.

पण फुलं कुठली आणायची? ह्या थंडीत निशिगंध मिळेना, मोगऱ्याचं तर नाव नको. मग एका बंगल्यापुढे कुंड्यांत शेवंती दिसली, ताटलीएवढी! इथे तिला गुलदाउदी म्हणतात आणि नुसती बघतात. केसांत कुणी माळत नाही. नर्सरीवाल्याकडे बारकी शेवंती मागितली, तर ‘तोड़ोगे?’ असं विचारलं त्याने, जसं काही मी त्याची पोरगीच मागितली. पहिला हार केला आणि शहाणपणा करून केटररच्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी बघतो तर जळका पापड. पाजी पोट धरून हसला. दुसऱ्या खेपेला सुई फेकून दिली, तू करतेस तशी अंगठ्यावर दोरा घेऊन गाठ मारली आणि हार ओल्या फडक्यात गुंडाळून गॅलरीत ठेवला. इथली गॅलरी म्हणजेच फ्रीज. हार तसाच्या तसा राहिला, ताई! पाजीने गळ्यात घालून बायकोला व्हिडिओ कॉल केला.

ओवताना सारखी तूच दिसत होतीस. तुझ्या लग्नात आई नव्हती, तर हळद लागलेल्या हातांनी स्वतःचेच हार ओवत बसलीस. दोरा पिवळाधमक झाला होता. सुबोधभावजी मांडवात म्हणाले होते, हार एवढा घट्ट बांधलाय, आता माझी काही सुटका नाही. सगळ्यांत मोठ्याने तूच हसलीस.

भावजी गेल्यावरही अख्ख्या गल्लीच्या लग्नांचे हार तूच केलेस. पण नवरीची वेणी कधी तिच्या हातात दिली नाहीस. ताटात ठेवायचीस आणि शेजारच्या मंजुषाला उचलायला सांगायचीस. काकांच्या शिशिरच्या लग्नात मांडवभर तुझी फुलं आणि तू आत मटार सोलत बसलेली. परवा ‘मागाहून येईन’ म्हणालीस ना, तेव्हा मला तो मटारच दिसला.

म्हणून रविवारी तुझ्या होणाऱ्या भावजयीच्या, कश्मिराच्या घरी गेलो. तिचे वडील बाबुराव मूळचे अकोल्याचे, इथे केंद्र सरकारच्या ऑफिसात ड्रायव्हर. आई सुरेखाकाकू. काकूंनी विचारलं, तुमच्याकडून करवली कोण? मी म्हटलं, माझी ताई. लामणदिवा घेऊन तीच माझ्या मागे उभी राहणार. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. ‘आमचं तसं काही नाही हो, पण पाहुणे काय म्हणतील?’ मी म्हटलं, ताई नसेल तर मी मुंडावळ्याच बांधणार नाही. बोलून तर बसलो. वाटलं, मोडलं लग्न. कश्मिरा सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात नर्स आहे, नुकतीच ड्युटीवरून आली होती. तिला मराठी कळतं, पण राग हिंदीत येतो. ‘मम्मी, मैं दिन भर लोगों का हाथ पकड़ती हूँ। पहले पूछती हूँ क्या, विधवा हो?’ बाबुराव पेपरमागून म्हणाले, पाहुण्यांना जिलबी वाढा, कुणी काही म्हणत नाही. काकू एकदम हसल्या गं! मग डोळे पुसत आत गेल्या, त्या साडी घेऊनच बाहेर आल्या. कश्मिरासाठी आणलेल्यांतली. ‘ही तुमच्या ताईंना शोभेल का बघा.’ रंग सांगत नाही, कारण तू लगेच नको म्हणशील. जिंकलो आपण, ताई.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. फोनवर सांगितलं असतं तर तू अजून एक कुकर लावला असतास. हे पत्र मुद्दाम माझ्या पुढे पाठवतोय. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा मी मिरजेच्या गाडीत बसलेलो असेन, पाजीकडून रजा घेऊन. परतीची दोन तिकिटं काढलीत, एक माझं आणि एक तुझं. रडायचं, भांडायचं, लोक काय म्हणतील ते म्हणायचं, सगळं ह्या कागदाशी आटपून घे. मी दारात आलो की मला फक्त बॅग दे. आणि स्वेटर वर ठेव, इथे थंडी फार आहे.

तुझाच, तुला न्यायला निघालेला,
रुपेश