बन्सीलालच्या वह्यांतल्या मोकळ्या जागा

शहादा, १९ नोव्हेंबर १९३४

विलायतेहून पुडकं! बन्सीलालची वही. माझा विद्यार्थी – कपाशीचं शास्त्र शिकायला तिकडच्या युनिव्हर्सिटीत गेलाय. उघडतो तर ओळीओळीत मोकळ्या जागा. सोबत चिठ्ठी – "मास्तर, सायेब भलता भराभर बोलस. मी लिखस तवलगून तो पुढे निंघी जास."

अहिराणी! वर्गात असं लिहिलं असतं तर छडी खाल्ली असती. आज डोळे भरून आले. इंग्रजी मीच शिकवलं ना याला – आणि मी तरी साहेबाला बोलताना कधी ऐकलंय?

२५ नोव्हेंबर

डिक्शनरी, शेतकी खात्याची जुनी पुस्तकं, सगळं पालथं घातलं. एकेचाळीस जागा भरल्या. बोंडअळीची एक अडली होती, ती शेजारच्या भिलाच्या शेतात जाऊन, बोंडं फोडून पाहून भरली. उद्या टपालात टाकतो. माझ्यापुरती नक्कल ठेवलीय. कुणाला सांगितलं नाही.

८ जानेवारी १९३५

दुसरी वही आली. बायको हसते – "परीक्षा त्यानी शे का तुम्हनी?"

खरं सांगू? मॅट्रिकला पहिला आलो होतो. त्याच वर्षी वडील गेले, नोकरी धरली. कॉलेजची पायरी राहिली ती राहिलीच. पन्नाशी आली तरी मनातून जात नाही. आता शाळा सुटली की दार लोटून वही उघडतो. तासभर मीही तिकडच्या बाकावर असतो. जागा भरताना कडेला माझेच प्रश्न लिहून धाडले – पुढे साहेब काय म्हणाले?

११ मार्च

वही नाही.

२ एप्रिल

नुसतं पत्र, तेही शुद्ध मराठीत! घरमालकीण जुनी शिक्षिका निघाली. रोज संध्याकाळी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेते. वर्गातलं आता सगळं कळतं म्हणे. "यापुढे आपणास तसदी देत नाही."

शाबास! शाबासच म्हणायला हवं.

३ एप्रिल

आज दार लोटलं नाही.

१४ जुलै, रविवार

काल पुडकं आलं. जाड वही – एकही जागा मोकळी नाही. पहिल्या पानावर: "मास्तर, हाई वही तुम्हनासाठे लिखेल शे." आत परीक्षेचा छापील पेपर. तो पास झालाय. पेपराखाली त्याच्या हातचं – तीन तास. पुस्तक उघडायचं नाही.

हिला सांगितलंय, तीन वाजेपर्यंत हाक मारू नको. दौत भरली. बारा वाजले.