चेहऱ्याचं रंगकाम

३ मार्च
गालांच्या लालीवर आजवरचा खरा खर्च: तीन क्रीम, लेप सांडून बाद झालेला उशीचा अभ्रा, एक गिऱ्हाईक (त्याला वाटलं, मी पिऊन आलोय) आणि बायकोचा विश्वास. तो आधीही फार नव्हता.
आता बस. मी रंगकामाचा कंत्राटदार. चेहरा म्हणजे काय, छोटी भिंतच. आधी घासायचं, मग रंगाचे हात मारायचे. दोन महिन्यांनी लेकीचं लग्न. फोटोत मी मधोमध, तिच्या शेजारी. ठरलं.

४ मार्च, सकाळ
मीठ घेऊन घासलं. भिंतीपेक्षा कमी जोर लावला.

४ मार्च, संध्याकाळ
आग आग. लेक म्हणाली, बाबा, डॉक्टरकडे चला, हे साधे पिंपल्स नाहीत. म्हटलं, पिंपल्स नाहीत तर डॉक्टर कशाला?

१० मार्च
औषधवाल्याने ट्यूब दिली. चिठ्ठी मागितली नाही. सज्जन माणूस. म्हणाला, चार दिवसांच्या वर लावू नका. असं सगळेच सांगतात.

१४ मार्च
लाली गायब! बायको म्हणाली, टिकेल का? माझं काम टिकतं की नाही, गिऱ्हाइकांना विचार म्हटलं.

१२ एप्रिल
ट्यूब संपली, दोन दिवस लावली नाही. दुप्पट लाल, वर पोपडे. म्हणजे पहिला हात पातळ पडला. नवी ट्यूब. दुसरा हात, जाड.

२५ एप्रिल
लेकीने ओढत नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूळ आजार रोझेशिया, सौम्य होता. ट्यूबमध्ये स्टेरॉइड, त्यानेच कातडी पातळ झाली. ट्यूब बंद. आधी आणखी भडकेल, निवळायला महिने लागतील. पूर्ण जाणार नाही, ताब्यात राहील. सौम्य फेसवॉश, उन्हासाठी सनस्क्रीन, त्यांनी दिलेलं मलम. घासण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. स्वतःच्या.
विचारलं, लग्नापुरता ट्यूबचा एक हात?
परतताना लेक म्हणाली, बाबा, मला लाल बाबाही चालले असते.
असं म्हणायचं असतं.

४ मे, लग्नाचा हॉल
फोटोग्राफरच्या दिव्यांनी गाल पेटलेत. मागच्या खोलीत ओला रुमाल लावून बसलोय. लेकीचा दोनदा निरोप आला. आलोच म्हटलं. अजून पाच मिनिटांत लाली नक्की उतरेल.

११ मे
फोटो आला. लेकीच्या शेजारी, मधोमध, माझा मेहुणा आहे. मी नाही.