नव्या क्रँकबद्दल माझा अंदाज

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.
सायकलवाल्यांच्या ग्रुपवर नव्या हलक्या क्रँकचा, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या जोडीचा, फोटो. धूसर. कंपनी वजन सांगत नाही, सगळे चाचपडताहेत. मी एका नजरेत ओळखलं: पेडलचे दांडे आतून पोकळ, मधलं बेअरिंग मोठं. शंभर ग्रॅम तरी वाचणार. शनिवारपर्यंत पुराव्यासकट सिद्ध करतो, असं ठोकून दिलं.

संध्याकाळी.
पुरावा म्हणजे जुनं बेअरिंग खोलून मापं घेणं आणि फोटोशी ताडणं. लेकीची सायकल आहेच. रविवारी तिची शर्यत, त्यावर कॉलेजच्या टीमची निवड. अर्ध्या तासाचं काम, म्हटलं. ती म्हणाली, बाबा, नको ना. घाबरट आहे. आईवर गेलीय.

४ मार्च.
दांडे निघाले. बेअरिंगच्या दोन वाट्या असतात. डावी पटकन सुटली. उजवी ढिम्म. कंपन्या मुद्दाम करतात हे.

५ मार्च.
पान्याला लांब पाइप लावला. केसभर हलली! म्हणजे दिशा बरोबर. पाठीत उसण. बायको म्हणाली, मेकॅनिककडे न्या. त्या पंक्चरवाल्याला डिझाइनमधलं काय कळतं?

६ मार्च.
उसणीमुळे रजा. लेक सायकलच्या सरावाऐवजी धावायला जाऊन आली. फुप्फुसांना चांगलंच. शनिवारपर्यंत होईल ना, विचारत होती. हो म्हटलं. रात्री जेवण तसंच ठेवून उठलो. अपचन असावं.

७ मार्च.
ग्रुपवर पुरावा मागताहेत. फोन बंद. मेव्हण्याला बोलावलं, दोघं पाइपला लोंबकळलो. कर्रर्र. मेव्हणा म्हणाला, दाजी, ही आत का चाललीय? नसती शंका.

८ मार्च, शनिवार.
शेवटी मेकॅनिक. त्याने सायकल पाहिली आणि चहा खाली ठेवला. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात म्हणे. काका, चार दिवस तुम्ही घट्ट करत होतात. आटे गेले, फ्रेमला चीर. तिच्या मापाची दुसरी सायकल नाही. घरी जायचा धीर होईना, दीड तास त्याच्या स्टुलावर बसून राहिलो. फोन उघडला तर कंपनीने सगळं जाहीर केलेलं. दांडे भरीव. बेअरिंग नेहमीचंच.

९ मार्च, रविवार.
शर्यत सात वाजता सुटली. लेक रस्त्याच्या कडेला मैत्रिणींना पाण्याच्या बाटल्या देत उभी. उलट्या आट्यांत भले भले फसतात, हे सांगायला गेलो. बाबा, काही बोलू नका, म्हणाली. माझ्याही हातात एक बाटली दिली, पलीकडच्या वळणावर उभे राहा म्हणाली. लाज वाटली. उभा राहिलो, हात पुढे करून, शेवटची मुलगी जाईपर्यंत. माझी बाटली कुणीच घेतली नाही.